केमो संपली, आता पुढे? (वय १८ ते ३०: कॉलेज, नोकरी, प्रवास, विमा)

वळणवाट

कॅन्सरवर इथे बरेच धागे आहेत, पण बहुतेक निदान आणि उपचारांपाशी थांबतात. शेवटची केमो झाली, पेढे वाटून झाले, की मुलगा किंवा मुलगी घरी येते आणि हातात असते फक्त 'तीन महिन्यांनी या' ही चिठ्ठी. उपचारात प्रत्येक दिवसाचा तक्ता डॉक्टर देतात, नंतरचा तक्ता आपल्यालाच करावा लागतो. तो इथे जमवू या. एक विनंती: आपबीती नको. पायऱ्या, आकडे, कुठला कागद, कुठे अडतं, एवढंच लिहा.

माझ्या मते पहिलं काम कागदाचं आहे. डिस्चार्ज कार्डांची पिशवी आणि उपचारांचा सारांश या दोन वेगळ्या गोष्टी. पिशवीतल्या प्रत्येक कार्डावर त्या एका सायकलचा (केमोच्या एका फेरीचा) हिशोब असतो, एकूण बेरीज कुठेच नसते. ती बेरीज कॅन्सरच्या डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्यायची:

- आजाराचं पूर्ण नाव, स्टेज, बायोप्सीची तारीख, उपचार संपल्याची तारीख
- प्रत्येक औषधाचा एकूण डोस. डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, सिसप्लॅटिन, सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड ही तर हवीतच
- रेडिएशन कुठे, कुठल्या बाजूला, किती ग्रे (रेडिएशनचं माप), किती फ्रॅक्शन (किती वेळा विभागून)
- शस्त्रक्रिया, आत धातूचा सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर
- रक्त किंवा प्लेटलेट दिल्याची नोंद, कशाची ॲलर्जी आली ते
- पुढच्या तपासण्या, कुठली आणि किती दिवसांनी

बेरीज कशाला, तर उदाहरण देतो. हॉजकिन्स लिम्फोमात (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) 'एबीव्हीडी' देतात: डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन, डकार्बझिन ही चार औषधं एकत्र. त्यात डॉक्सोरुबिसिन दर सायकलला दोनदा, प्रत्येकी २५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. सहा सायकल म्हणजे ३००. २५० च्या वर गेलं की हृदयाच्या दृष्टीने जास्त जोखमीचा गट धरतात आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) नियमित करावा लागतो, दम लागत नसला तरी. दहा वर्षांनी एखाद्या फिजिशियनने "केमो किती झाली होती?" विचारलं आणि उत्तर "सहा" आलं, तर त्याला त्यातून काही कळत नाही.

अडतं कुठे? रेडिएशनचा चार्ट वेगळ्या विभागात असतो, तो मुख्य फाइलमध्ये येतच नाही. वेगळा मागा. आणि उशीर करू नका: भरती रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी किमान ३ वर्षं ठेवाव्यात असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, त्यानंतर फाइल मिळेलच असं नाही. त्याच नियमात रुग्णाने लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असंही आहे. अर्जाची पोच घ्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मिळत असतील तर तेही घेऊन ठेवा.

---

सायली_ठाणे

छान धागा. मुलीला (वय २१) हॉजकिन्स, एबीव्हीडी सहा सायकल, रेडिएशन नाही. जूनपासून कॉलेज. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाहेरचं खाणं कधी सुरू करावं? आणि थकवा इतका आहे की आंघोळ करून आली की पुन्हा आडवी होते. घरातली मोठी माणसं म्हणतात वर्षभर पूर्ण आराम दे.

---

गुडघेदुखी

फिजिओथेरपी हा माझा पेशा, म्हणून थकव्याचं मी घेतो. सायलीताई, पूर्ण आरामाने हा थकवा वाढतो. स्नायू आधीच गेलेले असतात, झोपून राहिल्यावर आणखी जातात, मग आंघोळीलाही जोर पुरत नाही.

पण व्यायामाआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, डी जीवनसत्त्व. यातलं काही घसरलेलं असेल तर नुसतं चालून फरक पडणार नाही. डॉक्सोरुबिसिन झालंय म्हणून इकोचा रिपोर्टही बघून घ्या, आणि जड वजनं उचलण्याआधी तर नक्कीच. ब्लिओमायसिन झालंय, त्यामुळे कोरडा खोकला किंवा जिन्यावर नव्याने दम लागायला लागला तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

गाठायचं ते असं: आठवड्यातून तीन दिवस ३० मिनिटं बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. कॅन्सरनंतरच्या थकव्यावर हे प्रमाण उपयोगी पडतं असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या सूचनांत आहे. पहिल्याच दिवशी ३० मिनिटं करायची नाहीत.

पहिला आणि दुसरा आठवडा: १० मिनिटं सकाळी, १० संध्याकाळी, सपाट रस्त्यावर. तिसऱ्यापासून दर आठवड्याला एका फेरीत ३ ते ५ मिनिटं वाढवा. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ८ वेळा, दोन फेऱ्या. भिंतीला हात टेकून दंड, तेवढेच. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची. रात्रीच्या झोपेनंतरही अंग जड राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या. मुलं हमखास एक गोष्ट करतात: बरं वाटतं त्या दिवशी सगळं उरकतात आणि पुढचे तीन दिवस पडून राहतात. चांगल्या दिवशीही ठरल्याइतकंच.

आणखी एक, जे ओपीडीत कोणी विचारत नाही: चप्पल पायातून निसटते का? व्हिनक्रिस्टिनने पायाच्या नसा सुस्तावतात, पंजा वर उचलला जात नाही. घरात पाऊल आपटल्यासारखं वाजतं, जिना चढताना अंगठा पायरीच्या कडेला अडतो, चप्पल मागे राहते आणि मुलाच्या ते लक्षातही येत नाही. टाचेवर चालायला सांगा. जमलं नाही तर फिजिओकडे न्या. तोवर मागे पट्टा असलेले सँडल, आणि गरज पडली तर पावलाला आधार देणारा हलका स्प्लिंट. एबीव्हीडीत व्हिनब्लास्टिन असतं, त्याने हा त्रास कमी प्रमाणात होतो, पण बघून घ्यायला हरकत नाही.

स्टेरॉइड जास्त झालेल्या ल्युकेमियाच्या मुलांत जांघेत दुखणं आणि लंगडणं आलं तर 'व्यायामाने आलं असेल' म्हणून सोडू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

---

वळणवाट

खाण्याचं: पांढऱ्या पेशी पूर्ववत झाल्या असतील आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं नसेल, तर केमो चालू असतानाचं पथ्य पुढे ओढायचं कारण नाही. कोशिंबीर, फळं, दही चालतं. गरम आणि समोर केलेलं बाहेरचंही चालतं. मी टाळेन ते उसाचा रस, बर्फाचा गोळा, आणि पाणीपुरीचं पाणी. पण ते तर सगळ्यांनीच टाळावं. :)

---

घारूअण्णा

आमच्याकडे गुळवेल, गव्हांकुर, गोमूत्र अर्क घेऊन लोक ठणठणीत झालेत. रासायनिक औषधांनी खराब झालेलं शरीर शुद्ध नको का करायला?

---

निशिगंध

घारूअण्णा, शुद्धीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि केमोनंतर नेमकी तीच दमलेली असतात. कोविडच्या काळात गुळवेल रोज घेणाऱ्या लोकांत यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. काही घ्यायचंच असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवून घ्या. किमान एलएफटी (यकृताची रक्त तपासणी) वाढल्यावर 'काही घेतलं नाही' असं सांगू नका, त्यापायी नको त्या तपासण्या मागे लागतात.

ल्युकेमियावाल्यांसाठी ठळक: मेंटेनन्सची (आजार उलटू नये म्हणून चालू ठेवलेल्या गोळ्यांची) दोन-अडीच वर्षं कॉलेज करता करताच जातात. त्यात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. हॉस्टेलला गेल्यावर गोळ्या स्वतः भरताना ती रोजच्या गोळ्यांत मिसळली तर जिवावर बेतू शकतं. वेगळी डबी, वरती वाराचं नाव, मोबाइलला गजर. त्या डबीत एका वेळी एकाच आठवड्याचा डोस.

लसींचं थोडक्यात. जिवंत लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या) केमो संपल्यावर किमान ३ महिने नाहीत, रिटुक्सिमॅब झालं असेल तर किमान ६ महिने. फ्लूची इंजेक्शनची लस दरवर्षी घ्यायची, ती घरच्यांनीही घ्यावी. प्लीहा काढलेली असेल तर न्यूमोकोकल वगैरे लसींचं वेगळं वेळापत्रक असतं आणि ताप आला की रात्र उलटू न देता दवाखाना.

---

कागदीघोडे

प्रवेश, नोकरी, विमा या फायली रोज हाताळतो, म्हणून हा भाग माझा.

कॉलेज. पहिलं सत्र पूर्ण भाराने घेऊ नका. प्राचार्यांना अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्या, हजेरी ७५ टक्क्यांखाली गेल्यावर नाही. आधी दिलेला अर्ज सवलत म्हणून बघतात, नंतर दिलेला सबब म्हणून. अर्जात आजाराची कहाणी नको. चार ओळी पुरतात: उपचार कधी संपले, तपासणीसाठी अंदाजे कुठल्या तारखांना गैरहजेरी, प्रॅक्टिकलला बसून काम करण्याची परवानगी, लिफ्टचा पास. सोबत डॉक्टरांचं 'कॉलेजला जाण्यास योग्य' असं पत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात 'वैद्यकीय कारणामुळे' एवढं पुरे.

लेखनिक. नसांच्या त्रासामुळे तीन तास पेन धरवत नसेल तर ४० टक्के अपंगत्व असायलाच हवं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या विकास कुमार निकालानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या: लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय समितीचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, खासगी डॉक्टरांचं चालत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते मिळत नाही, दोन महिने आधी लागा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही. पण कॅन्सरने किंवा उपचारांनी जे मागे ठेवलं ते असू शकतं: पाय काढावा लागला, सिसप्लॅटिनने ऐकू कमी झालं, डोळा गेला. ४० टक्के आणि वर भरलं तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढा. उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण त्यावरच आहे. 'पुढे लग्नाला अडचण येईल' म्हणून घरचे नको म्हणतात आणि मूल हक्काच्या जागेला मुकतं.

नोकरी. खासगी कंपनीत टप्प्याटप्प्याने रुजू होण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही, तो मागून घ्यावा लागतो. मागणी तारखांसकट ईमेलवर करा. चालण्यासारखा तक्ता: पहिले दोन आठवडे दिवसाआड ४ तास, पुढचे दोन रोज ४ तास, मग दोन आठवडे रोज ६ तास, सातव्यापासून पूर्ण वेळ. शेवटची तारीख लिहिलेली असली की एचआर पटकन हो म्हणतं. 'बरं वाटेल तसं येईन' ला कोणी हो म्हणत नाही.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर नेहमीच्या आजारपणाच्या लाभानंतर (७० टक्के, वर्षाला ९१ दिवस) दीर्घ आजाराचा वाढीव लाभ मिळतो: वेतनाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कॅन्सर त्या यादीत आहे. आधीच्या नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी आहेत, त्या शाखेत तपासा.

मुलाखतीत सीव्हीतल्या गॅपबद्दल विचारलं तर 'वैद्यकीय कारण होतं, उपचार पूर्ण झाले, कामावर मर्यादा नाही' एवढं उत्तर पुरतं. निदान आपणहून सांगायची गरज नाही. पण रुजू होतानाच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये लेखी प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. आजारामुळे नोकरी जाणं अवघड असतं, खोट्या निवेदनामुळे जाणं सोपं.

विमा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात.

कंपनीचा ग्रुप विमा सोन्यासारखा आहे, कारण बहुतेक पॉलिसींत जुना आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतो. ऑफर बघताना पगाराइतकंच हे बघा आणि पॉलिसीची प्रत मागून वाचा. नोकरी सोडताना राजीनाम्याबरोबरच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आधीच्या वर्षांचं श्रेय मिळतं. शेवटच्या दिवसानंतर हे सुचून उपयोग नाही. एका कंपनीतून दुसरीत पोर्ट करायचं असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी.

वैयक्तिक आरोग्य विमा: आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०२४ च्या नियमांनी जुन्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने केली, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. त्याच नियमांत 'जुना आजार' म्हणजे पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला. म्हणून काही एजंट सांगतात, चार वर्षं झाली, आता लिहूच नका. ऐकू नका. फॉर्मवर 'कधीही कॅन्सर झाला होता का' असा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर 'हो' हेच. फॉर्म एजंटला भरू देऊ नका, स्वतः भरा आणि प्रत ठेवा. नकार आला तर लेखी कारण मागा. दाव्याचा वाद असेल तर आधी कंपनीकडे तक्रार, मग विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे.

टर्म इन्शुरन्सला बहुतेक कंपन्या काही वर्षं थांबायला सांगतात, नंतर जादा हप्त्यावर देतात. तोवर ऑफिसचं ग्रुप टर्म असेल तर त्यात नाव घाला.

---

मोगरा_पुणे

कोणी लिहीत नाही तो विषय: मूलबाळ आणि लग्न.

केमोआधी वीर्य गोठवलं असेल तर त्या बँकेचं वार्षिक शुल्क भरताय ना ते बघा. नंबर बदलला, स्मरणपत्र आलं नाही, नमुना गेला, असं होतं. नसेल गोठवलं तर उपचारांनंतर साधारण वर्ष ते दोन वर्षांनी वीर्य तपासणी करा. एकदा शून्य आली म्हणजे कायमची असं नाही. मुलींत पाळी परत आली ही चांगली खूण, पण बीजांडांचा साठा कळत नाही. त्यासाठी एएमएच ही रक्त तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. उलट पाळी येत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असंही धरू नका, गर्भनिरोधक वापरा. एबीव्हीडीचा प्रजननक्षमतेवर परिणाम कमी असतो. सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड यांचे मोठे डोस आणि ओटीपोटावरचं रेडिएशन यांचा जास्त. गर्भधारणेआधी इको करून घ्यावा, डॉक्सोरुबिसिन झालेल्या मुलींनी तर चुकवूच नये.

स्थळ बघताना बायोडेटात आजार लिहायची गरज नाही. पण दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर आणि बैठकीच्या आधी सांगायचं, आणि ते मुलाने किंवा मुलीने स्वतः, मध्यस्थाने नाही. कधी होता, कुठले उपचार, आता तपासणी किती दिवसांनी, मुलं होण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, एवढं. तो एक पानाचा सारांश समोरच्यांच्या डॉक्टरांना दाखवा, निम्म्या शंका तिथेच मिटतात. लपवून लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली, महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून लग्न रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो, कळल्यापासून वर्षाच्या आत. 'मुलांना होईल का?' तर तरुण वयातले बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. अपवाद आहेत (दोन्ही डोळ्यांचा रेटिनोब्लास्टोमा, बीआरसीए हा स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेला जनुकदोष), त्यांनी जनुकीय समुपदेशन घ्यावं.

---

सायली_ठाणे

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून फाइलला लावलंय. लोकलचं काय करावं? ठाणे ते दादर. आणि पोर्ट (केमोसाठी छातीत त्वचेखाली बसवलेली नळीची डबी) अजून काढलेला नाही.

---

गुडघेदुखी

पोर्ट आहे त्या बाजूच्या खांद्यावर सॅक नको, गर्दीत पट्टा नेमका तिथेच घासतो. पोर्ट वापरात नसला तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारण चार ते आठ आठवड्यांनी, फ्लश करायचा (सलाइनने धुवून घ्यायचा). कॉलेज सुरू झालं की हेच राहून जातं आणि मग नळी तुंबते. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना परवानगी असते, हॉस्पिटलचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. टक्कल नसलेल्या तरुण मुलीला 'तू कशाला इथे' विचारणारे भेटतात, पत्र दाखवायचं आणि बसायचं. पहिला महिना शक्य असेल तर ११ नंतरचीच लेक्चरं घ्या.

अवांतर, पण हाडाच्या कॅन्सरवाल्यांसाठी: गुडघ्यात मेगाप्रोस्थेसिस (हाड काढून बसवलेला मोठा धातूचा सांधा) असेल तर धावणं, उड्या, उकिडवं बसणं बंद. हॉस्टेलची खोली घेण्याआधी तिथे कमोड आहे का ते स्वतः जाऊन बघा. नंतर कधीही त्या पायाला सूज, लाली किंवा ताप आला तर घरी अँटिबायोटिक सुरू न करता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा.

---

कागदीघोडे

बाहेरगावहून तपासणीला येणाऱ्यांना रेल्वेची सवलत उपचार संपल्यावरही आहे, कारण ती ठरावीक मुदतीच्या तपासणीलाही लागू होते. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्याला ७५ टक्के. हॉस्पिटलचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं, तत्काळला मिळत नाही.

---

निशिगंध

मनाचं राहिलं. स्कॅनच्या आधीचा आठवडा सगळ्यांनाच जड जातो, त्या आठवड्यात परीक्षा किंवा मुलाखत ठेवू नका. पण झोप, भूक, आंघोळ, मित्रांचे फोन हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त बंद असेल तर तो नुसता थकवा नाही, मानसोपचारतज्ज्ञ हवा. टेलि-मानसचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बरोबरीची माणसं हवी असतील तर इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांचा गट २००९ पासून मुंबईत आहे. टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी उपचार झाले असतील तर तिथलं उपचारांनंतरचं 'ॲक्ट' क्लिनिक १९९१ पासून चालू आहे, दुष्परिणामांची तपासणी तिथे होते.

आणि पालकांनो, पुढची अपॉइंटमेंट मुलालाच घेऊ द्या. फोन तो करेल, फाइल तो धरेल, डॉक्टरांशी आधी तो बोलेल. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा आणि राहिलेलं शेवटी विचारा. तासातासाला 'पोचलीस का' चे फोन करण्याऐवजी लोकेशन शेअर करून घ्या.

---

वळणवाट

लांब पल्ल्याच्या तपासण्यांचं माझ्याकडून. मानेवर रेडिएशन: टीएसएच दरवर्षी, कायम. छातीवर रेडिएशन झालेल्या मुली: वयाच्या २५ पासून किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी. पस्तिशीच्या आत मॅमोग्राफी कशाला, असं बाहेरचे डॉक्टर म्हणतात, म्हणून कारण सारांशात लिहिलेलं हवं. सिसप्लॅटिन: ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी). ब्लिओमायसिन: पुढे कुठलीही भूल घ्यायची झाली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, जास्त प्रमाणातल्या ऑक्सिजनने फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्याच कारणाने तारकर्लीला स्कूबाचा बेत असेल तर आधी फुप्फुसाच्या डॉक्टरांची परवानगी. पॉइंटवरचा फॉर्म कोणी वाचत नाही, आपणच सांगायचं.

---

सायली_ठाणे

शेवटचं. हिला रेडिएशन झालेलंच नाही, मग सारांशात तो रकाना सोडून दिला तर चालेल का?

---

वळणवाट

नका सोडू. 'रेडिएशन दिलेलं नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, खाली डॉक्टरांची सही आणि तारीख. रकाना कोरा राहिला तर पुढच्या डॉक्टरला कळत नाही की दिलं नव्हतं की लिहायचं राहिलं. आणि पानाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये, तुमच्या नाही.